रिकाम्या हातांचा हिशेब : नाट्यनिर्माते आणि रंगगृहांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
नाट्यनिर्मात्यांच्या संघटना, रंगगृहांची विश्वस्त मंडळे आणि त्यांच्या वतीने रंगमंच कामगारांशी वाटाघाटी करणारी सर्व मंडळी यांस,

सविनय नमस्कार.

मी वीसहून अधिक वर्षे निर्मिती व्यवस्थापक म्हणून काम केले. रंगमंच कामगारांच्या संघटनेशी होणाऱ्या वाटाघाटींत त्या सगळ्या काळात मी आपल्याच बाजूच्या खुर्चीवर बसत आले, त्यामुळे हे पत्र कोणा परक्याने लिहिले आहे असे कृपया समजू नये. या वीस वर्षांत कामगारांविषयी बोलण्याची आपली भाषा पार पालटली. ज्यांना आपण पूर्वी खासगीत ‘फुकटचा पगार खाणारे’ म्हणत होतो, त्यांनाच आता जाहीर समारंभांत ‘पडद्यामागचे शिल्पकार’ म्हणतो आणि प्रयोगाच्या शेवटी विंगेकडे हात करून त्यांच्यासाठी टाळ्या मागतो. हा बदल मला खोटा वाटत नाही. मात्र करार लिहायला बसलो की आपली जुनी भाषा परत येते, आणि असे का होते याचे उत्तर मला माझ्याच एका चुकीत सापडले.

ती चूक म्हणजे मी तयार केलेला एक तक्ता. एका करारापूर्वी मी तीन रात्री विंगेत घड्याळ घेऊन बसले आणि प्रत्येक कामगार प्रत्यक्ष किती मिनिटे हात चालवतो याची नोंद केली. पावणेतीन तासांच्या प्रयोगात आठांपैकी तिघांच्या हाताला मिळून अकरा मिनिटांचेच काम होते. उरलेला वेळ ते काळ्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे होते; एक जण तर स्टुलावर बसून होता. वाटाघाटीच्या बैठकीत मी तो तक्ता मांडला तेव्हा आमच्या बाजूला हशा पिकला आणि समोरच्या बाजूला शांतता पसरली. ती शांतता मला निरुत्तर झाल्याची वाटली. एक माणूस कमी करण्याची मागणी आम्ही मान्य करून घेतली आणि त्याबद्दल माझी पाठही थोपटली गेली.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी रंगमंचाच्या डोक्यावर काय टांगलेले असते ते सांगणे भाग आहे, कारण विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कधी मान वर करून पाहिलेले असते. मोठ्या रंगगृहात मंचाच्या वर अनेक मजले उंच पोकळी असते आणि तीत लोखंडी नळ्यांच्या ओळी लटकत असतात. त्या नळ्यांना आपण बार म्हणतो. प्रत्येक बारला पडदे, नेपथ्याचे फलक किंवा दिवे बांधलेले असतात आणि त्या वजनाच्या तोडीस तोड लोखंडी विटा बाजूच्या भिंतीलगत सरकणाऱ्या एका उभ्या चौकटीत रचलेल्या असतात. दोन्ही बाजू समतोल असतील तर शेकडो किलोंचा फलक एक माणूस दोर ओढून अलगद वर नेऊ शकतो. समतोल बिघडला तर तोच दोर दहा जणांनाही आवरत नाही. म्हणून भार चढवताना आधी फलक बारला बांधायचा आणि मग वरच्या माचीवरून विटा रचायच्या; उतरवताना आधी विटा काढायच्या आणि मगच फलक सोडायचा. हा क्रम पाळायचा तर वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना हाक देत राहिले पाहिजेत, आणि हाकेला उत्तर आल्याशिवाय कोणी गाठ सोडता कामा नये.

करारानंतरच्या हंगामात, शेवटचा प्रयोग संपून नेपथ्य उतरवण्याचे काम मध्यरात्रीनंतर चालू असताना, वर आणि खाली अशा दोन्ही जागा सांभाळणाऱ्या एका कामगाराला खालून फलक सोडल्याचे कळलेच नाही. विटा चौकटीतच होत्या. हलका झालेला बार सुसाट वर गेला, चौकट तितक्याच वेगाने खाली आदळली आणि तिच्यातून उसळलेल्या दोन विटा मंचाच्या लाकडात रुतल्या. दोर पकडायला धावलेल्याच्या तळहातांची सालटी निघाली. याहून कोणाला काही झाले नाही, कारण त्या क्षणी तिथे कोणी उभे नव्हते, आणि त्याचे श्रेय मला किंवा व्यवस्थापनाला जात नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा तक्ता पुन्हा काढून पाहिला. कमी केलेल्या माणसाच्या नावापुढे मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ‘बहुतेक वेळ उभा. वर पाहतो.’

मी ज्याला रिकामा वेळ म्हणून मोजले होते, ते पाहणे हेच त्याचे काम होते. रंगमंचावर इशाऱ्याची वाट पाहत उभा असलेला माणूस मोकळा नसतो. ‘तयार’ हा शब्द ऐकल्यापासून ‘गो’ ऐकेपर्यंत त्याचा हात दोरावर असतो आणि डोळे अंधारात चालणाऱ्या नटाच्या पावलांवर असतात. अग्निशामक दलाला आग लागली नाही त्या दिवसाचा पगार का द्यावा, असे कोणी विचारत नाही. रंगगृहात मात्र आपण तो प्रश्न दर कराराला विचारतो. आगीचा दाखला मी सहज दिलेला नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात दुपारच्या खेळाला मंचावरच्या एका दिव्यामुळे पडद्यांनी पेट घेतला, अग्निरोधक म्हणवला जाणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला आणि ६०० हून अधिक माणसे मेली, ज्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. ते थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. ब्रिटनमध्ये मंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधला संरक्षक पडदा प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षकांच्या देखत एकदा खाली आणून दाखवण्याची पद्धत आहे. तो पडदा उतरतो तेव्हा प्रेक्षक गप्पा मारत असतात, आणि तो उतरवणाऱ्याचा वेळ माझ्या तक्त्यात फार तर दीड मिनिटाचा भरला असता.

आता आपल्या बाजूचे म्हणणेही मी तितक्याच स्पष्टपणे मांडते, कारण ते सगळेच निराधार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात १० नोव्हेंबर २००७ रोजी रंगमंच कामगारांच्या ‘लोकल वन’ या संघटनेने संप पुकारला आणि तो १९ दिवस चालला. ही संघटना १८८६ सालची. स्वतःच्या मागण्यांसाठी ब्रॉडवेविरुद्ध तिने त्यापूर्वी कधीच संप केला नव्हता. वाद मुख्यतः नव्या नाटकाचे नेपथ्य उभारण्याच्या काळात किती माणसे घ्यायची आणि ती किती दिवस ठेवायची याचा होता. निर्मात्यांचे म्हणणे असे की, त्या दिवशी काम असो वा नसो, ठरलेली माणसे बोलवावीच लागतात. ही तक्रार काल्पनिक नव्हती. नाटक चालेल की पडेल याचा भरवसा नसताना उभारणीच्या आठवड्यांतच भांडवल आटते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. परंतु त्या संपाच्या पहिल्याच दिवशी लहान मुलांच्या एका नाटकाचा खेळ रद्द झाला, रडवेली मुले आणि हिरमुसलेले पालक यांची वर्णने जगभर गेली, आणि माणसांच्या संख्येचा हा किचकट, दोन्ही बाजूंनी काहीतरी खरे असलेला वाद ‘आळशी कामगार विरुद्ध चिमुकले प्रेक्षक’ अशा चित्रात बसवला गेला. निर्मात्यांनी अशा प्रसंगासाठी तिकिटांच्या उत्पन्नातून दोन कोटी डॉलरचा निधी आधीच बाजूला काढून ठेवला होता, याची आठवण त्या गर्दीत फारशी कोणाला झाली नाही. शेवटी निर्मात्यांना थोडी लवचीकता मिळाली, कामगारांना वेतनवाढ मिळाली, आणि दोन्ही बाजूंना जे मिळाले ते १९ दिवस न गमावताही मिळू शकले असते असे मला आजही वाटते.

त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलमध्ये हंगामाच्या उद्घाटनाची मैफल संपामुळे रद्द झाली. १८९१ साली सुरू झालेल्या त्या सभागृहातला तो पहिला संप. नव्या शिक्षण विभागातले काम कोणाच्या अखत्यारीत यावे, हा वादाचा विषय होता आणि तो एकदोन दिवसांत मिटलाही. लोकांच्या लक्षात मात्र एकच गोष्ट राहिली : तिथल्या पूर्णवेळ रंगमंच कामगारांपैकी काहींची वर्षाची कमाई चार लाख डॉलरच्या वर जाते. आकडा खरा होता. मलाही तो पचायला जड गेला होता, हे कबूल करते. पण तो जगातल्या एका अत्यंत श्रीमंत सभागृहातल्या, जवळजवळ रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या, बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचा आकडा होता, आणि आपण तो त्यानंतर प्रत्येक बैठकीत, हंगामाचे चार महिनेही काम न मिळणाऱ्या माणसांच्या तोंडावर फेकत आलो. नटांच्या बाबतीत आपण असे कधी करत नाही. एका तारांकित नटाच्या मानधनावरून समूहदृश्यात भाला धरून उभ्या राहणाऱ्याचे मानधन ठरवावे, असे कोणी सुचवले तर आपण त्याला वेड्यात काढू.

संघटनांवरच्या अविश्वासाची काही मुळे संघटनांनीच रुजवली आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील रंगमंच कामगारांच्या १८९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद १९३४ साली जॉर्ज ब्राउन यांच्याकडे गेले. त्यांनी आणि विली बायॉफ यांनी शिकागोच्या गुन्हेगारी टोळीच्या पाठबळावर चित्रपट कंपन्यांकडून खंडणी उकळली, आणि १९४१ साली दोघेही दोषी ठरले. सदस्यत्व बापाकडून मुलाकडे आणि काकाकडून पुतण्याकडे जात राहिले. कृष्णवर्णीय कामगारांना कित्येक शहरांत वेगळ्या, दुय्यम शाखांत ठेवले गेले. स्त्रियांना तर विंगेत पाय ठेवायलाच फार उशीर लागला. मी कामाला लागले तेव्हा एका ज्येष्ठ कामगाराने मला ‘बाई, दोराला हात लावू नका’ असे अदबीने सांगितले होते. त्यात काळजी किती आणि कुंपण किती, हे मला कधी कळले नाही. ज्या संघटना आज हे कुंपण काढत आहेत त्यांना आपण मदत केली पाहिजे, आणि ज्या काढत नाहीत त्यांना त्याबद्दल जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो अधिकार माणसे कमी करण्याच्या मागणीला शोभेचे झाकण म्हणून मात्र वापरता येणार नाही, आणि आपण तो बहुतेक वेळा तसाच वापरला आहे.

नट आणि कामगार यांना वेगवेगळ्या पंगतीत बसवण्याची सवयही आपलीच. ऑगस्ट १९१९ मध्ये अमेरिकेत नटांनी आपल्या संघटनेच्या मान्यतेसाठी संप केला तेव्हा निर्मात्यांनी तो हसण्यावारी नेला होता. वादक आणि रंगमंच कामगार त्या संपात उतरले तेव्हा पारडे फिरले, कारण नटाच्या जागी दुसरा नट उभा करता येतो, पण पडदाच वर जाणार नसेल तर त्याला उभे कुठे करणार? २००७ साली नटांच्या संघटनेने कामगारांना पाठिंबा देऊन त्या ऋणाची परतफेड केली. फ्रान्समध्ये तर बेकारी विम्याच्या व्यवस्थेत नाट्य तंत्रज्ञ आणि कलावंत अनेक दशके शेजारी शेजारी नांदत आले आहेत. ठरावीक काळात ५०७ तास काम भरले की दोघांनाही कामाच्या दोन हंगामांमधला भत्ता मिळतो. २००३ साली ही मुदत आक्रसली गेली तेव्हा दोघे मिळून रस्त्यावर आले आणि आव्हिन्यॉंचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. तो निर्णय अनेक प्रेक्षकांना रुचला नाही. मला त्या व्यवस्थेतली मूळ कल्पना महत्त्वाची वाटते : दोन नाटकांमधला रिकामा काळ हा नाटकाच्या धंद्याचाच भाग आहे आणि त्याचा खर्च एकट्या कामगाराने सोसू नये, हे तिथे कायद्याने मानले आहे.

महासाथीच्या काळाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्या जखमा अजून ओल्या आहेत. मार्च २०२० मध्ये रंगगृहे बंद झाली आणि ‘आपले अदृश्य सहकारी’ या शब्दांत कृतज्ञतेचे संदेश फिरू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने वेतनकपातीवर एकमत होत नाही म्हणून रंगमंच कामगारांवर टाळेबंदी लादली आणि काही नेपथ्ये बाहेर, थेट वेल्समध्ये, बनवून घेतली. करार व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. दरम्यानच्या काळात कितीतरी कुशल हात सुतारकामाला, प्रदर्शनांच्या मांडणीला, मालवाहतुकीला लागले आणि त्यांतले अनेक परत आले नाहीत. रंगगृहे उघडली तेव्हा माणसे मिळत नाहीत अशी ओरड आपण केली. ती माणसे कुठे गेली हे आपल्याला ठाऊक होते.

कृतज्ञतेला करारात जागा नसेल तर ती किती टिकते, याचा एक जुना दाखला अमेरिकी रंगभूमीच्या टोनी पुरस्कारांत सापडतो. १९४८ पासून १९६३ पर्यंत त्या पुरस्कारांत उत्कृष्ट रंगमंच तंत्रज्ञ असा स्वतंत्र विभाग होता. पुढे तो बंद झाला. जपानच्या काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारात काळ्या वेशातले कुरोगो, म्हणजे मंचावरचे मदतनीस, भर मंचावर येऊन वस्तू उचलतात, पोशाख सावरतात, आणि ते दिसत नाहीत असे मानण्याचा संकेत प्रेक्षक पाळतात. तिथे तो संकेत कलेचा भाग आहे. आपण मात्र तो प्रेक्षागृहातून उचलून हिशेबाच्या खोलीत नेला.

माझ्या मागण्या फार नाहीत. पहिली अशी की, पुढच्या वाटाघाटींना बसण्यापूर्वी आपल्या बाजूच्या प्रत्येक सदस्याने एक पूर्ण प्रयोग विंगेत उभे राहून पाहावा आणि त्याच रात्रीची उतरवणी शेवटची पेटी गाडीत चढेपर्यंत पाहावी. घड्याळ घरी ठेवावे. दुसरी अशी की, माणसांची किमान संख्या दर पाच वर्षांनी घासाघीस करून ठरवू नये; त्या नाटकाचे बार किती, हलणारे फलक किती, मंचाच्या जमिनीत उघडणारी दारे किती, अंधारात होणारे बदल किती, हे पाहून नेपथ्यकार, प्रयोग व्यवस्थापक आणि कामगारांचा प्रतिनिधी यांनी ती एकत्र बसून ठरवावी. तसे झाले तर काही नाटकांना आजच्यापेक्षा कमी माणसे लागतील, आणि संघटनांना ते मान्य करावे लागेल. काही नाटकांना जास्त लागतील, आणि ते आपल्याला मान्य करावे लागेल. तिसरी, नव्याने शिकणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरातले कोणी या धंद्यात नाही अशा मुलामुलींसाठी, पगारी उमेदवारीच्या जागा कराराच्या मसुद्यातच लिहाव्यात आणि त्यांचा खर्च दोन्ही बाजूंनी वाटून घ्यावा. अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात यांची नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, हे तर मागणी म्हणून लिहावे लागते याचाच मला संकोच वाटतो. माझ्या त्या रात्रीची नोंद कोणत्याही वहीत नाही.

ज्याला आम्ही कमी केले होते तो कामगार काही वर्षांनी मला दुसऱ्या एका रंगगृहात भेटला. मी त्याला तक्त्याची आणि विटांची हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. त्याने विचारले, ‘कितव्या नंबरचा बार?’ मी म्हटले, चौदावा. तो म्हणाला, ‘त्याची चौकट कायम जरा उशिरा थांबायची. मी तिथेच उभा असायचो.’ मग प्रयोगाची दुसरी घंटा झाली आणि तो आत गेला.

आपली,
एक माजी निर्मिती व्यवस्थापक